अण्णांच्या बोटांवरचं ऑइल

११ जानेवारी

गाडी आली. दारात उभी केली तर पुढची अर्धी खिडकी झाकली गेली. लेक म्हणाली, "आई, आता घरात अंधार आणि बाहेर रुबाब." जुनी गाडी इतकी बुटकी होती की अण्णांना तिच्यातून अक्षरशः उपसून काढावं लागायचं. मी फिजिओथेरपिस्ट, दिवसभर दुसऱ्यांचे गुडघे वाकवते, आणि स्वतःच्या सासऱ्यांना मात्र पोत्यासारखं ओढायचे. म्हणून ही उंच गाडी घेतली. तिला टर्बो आहे. नवऱ्याने समजावलं की इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा एक पंखा असतो आणि तो भयंकर वेगाने फिरतो. मी मान हलवली.

नवरा कुठल्याही वस्तूबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचतो. मिक्सरचंही वाचलं होतं. त्याने गाडीत बसल्या बसल्या जाहीर केलं, "अण्णा, हिला सगळ्यात पातळ ग्रेडचं ऑइल लागतं. इथे लिहिलंय."

अण्णांनी बॉनेट उघडायला लावलं. उभा जन्म त्यांनी ऑइल आणि ग्रीसच्या दुकानात काढलाय. त्यांनी ऑइल मोजायची सळई, डिपस्टिक, ओढली, टोकाचं ऑइल अंगठा आणि पहिल्या बोटात चोळलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे ऑइल आहे? हे पाणी आहे."

लेकीने मला कोपर मारलं. बोटांत ऑइल धरून ग्रेड सांगणं ही अण्णांची ख्याती आहे. मी नवी सून म्हणून आले तेव्हा त्यांनी डोळ्यांवर रुमाल बांधून मला हा खेळ करून दाखवला होता. पाच वाट्या मांडल्या होत्या. एकही चुकले नव्हते.

१९ जानेवारी

जेवताना पुन्हा तेच. नवरा म्हणतो, पातळ ऑइल गार इंजिनातही झटकन टर्बोपर्यंत पोचतं, दाट ऑइल पोचायला वेळ घेतं आणि तेवढ्यात तो पंखा कोरडा फिरतो. अण्णा म्हणतात, पुस्तक छापणाऱ्यांनी कधी इंजिन खोललंय का? दाट ऑइल आत चिकटून राहतं, पातळ वाहून जातं. नवऱ्याने भाताकडे बघत "बरं" म्हटलं. तो अण्णांशी इंजिनावर वाद घालणं लग्नाआधीच सोडून बसलाय. विमा कचेरीत काम करून करून त्याला वाद टाळायची सवय लागली असावी.

अण्णा शेवटी माझ्याकडे वळले. "गाडी तुझ्या नावावर आहे. तू सांग."

मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते."

हे वाक्य मी का बोलले? क्लिनिकमध्ये कोणी "शेजारच्या काकू म्हणाल्या म्हणून शेक घेतला" असं सांगितलं की मी त्याला फाडून खाते. सांगितलंय तेच करायचं, काकूंचं ऐकायचं नाही. आणि इथे मी स्वतः काकूंच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

२ फेब्रुवारी

आज अण्णांनी दुकानामागच्या अंगणात गाडीचं ऑइल काढलं. त्यांचं म्हणणं, नव्या इंजिनातलं पहिलं ऑइल लवकर काढायचं, त्यात लोखंडाचा कीस उतरतो. मग मागच्या फळीवरचा आपल्या आवडीचा डबा काढला, जुन्या गाडीला वर्षानुवर्षं घालत आलेत तोच. दाट, मधासारखं ऑइल आत गळत होतं आणि अण्णा नातवंडाला भरवावं तसे नरसाळं धरून उभे होते. झाकण दोनदा हातातून सुटलं. मी उचलून दिलं. "हात ऑइलचे झालेत," म्हणाले.

इतके खूश मी त्यांना सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. दुकानात आता गिऱ्हाईक येत नाही. सगळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात. त्यांच्या हातून ऑइल घालून घेणारी या गावात बहुधा मी एकटीच उरलेय.

संध्याकाळी गाडी चालवली. काही वेगळं जाणवलं नाही. तरी सिग्नलला उभी असताना तो पंखा कोरडा फिरतोय असं मला सारखं ऐकू येत होतं.

३ फेब्रुवारी

केलं. सकाळचे पेशंट पुढे ढकलले आणि सर्व्हिस सेंटरला जाऊन अण्णांचं सगळं ऑइल काढून टाकलं, फिल्टरसकट. पुस्तकात लिहिलेलं पातळ ऑइल घातलं. तिथला पोरगेला इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, हे तर अगदी ताजं आहे." मी म्हटलं, "चुकून पडलं."

चुकून! कालच त्यांच्या शेजारी नरसाळ्याला चिंधी लावून उभी होते आणि म्हणे चुकून.

यात वाईट काय झालं? गाडी सुरक्षित, अण्णा खूश. नवऱ्यालाही सांगितलं नाही, उगाच त्याच्या पोटात गोळा. काळ्या पन्हाळीतून ते मधासारखं ऑइल खाली जात होतं तेव्हा मात्र मी तोंड फिरवलं.

९ फेब्रुवारी

अण्णांनी सकाळी बॉनेट उघडायला लावलं. मी दुधाची पिशवी हातात तशीच धरून उभी. डिपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा घातली, ओढली. बोटांत चोळलं. बराच वेळ चोळलं. मग उजेडाकडे धरून बघितलं, वास घेतला, माझ्याकडे बघितलं.

मी मनात वाक्य जुळवत होते.

"बघितलंस?" अण्णा म्हणाले. "कसं आहे! सायीसारखं. त्या पाण्यावर ठेवली असतीस तर वर्षात इंजिन हातात आलं असतं."

माझा जीव भांड्यात पडला. इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी हसतच सुटले, आणि त्यांना वाटलं मी आनंदाने हसतेय. मग तेही हसले. दिवसभर हे आठवून कानशिलं तापत होती.

१० फेब्रुवारी

गाडीसाठी काहीतरी चांगलं करावंसं वाटतंय. खांद्याचे एक पेशंट सांगत होते, टर्बोला ते महागातलं, जास्त ताकदीचं पेट्रोलच घालायचं, साध्या पेट्रोलवर इंजिन ठोठो आवाज करायला लागतं. नवऱ्याला सांगितलं, यापुढे तेच भरायचं. पंप त्याच्या कचेरीच्या वाटेवर आहे, पेट्रोल भरायचं काम त्याचं. तो म्हणाला, "पुस्तकात साधं चालतं असं लिहिलंय." मी म्हटलं, "तुझं पुस्तक तुझ्यापाशी. माझी गाडी आहे, तिला चांगलंचुंगलं मिळायला हवं." त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि "बरं" म्हणाला.

२७ फेब्रुवारी

पेट्रोलने फरक पडला! गाडी लोण्यासारखी चालते. चढावर पाय नुसता टेकवला तरी उचलते. जेवताना मी हे सांगितलं तर नवऱ्याला ठसका लागला. पाणी दिलं. अण्णा म्हणाले, "पेट्रोल कसलं, ऑइलचा गुण आहे." मी दोघांकडे बघून हसले. घरात सगळे सुखी आहेत.

१४ मार्च

आजचं लिहायचं नव्हतं, पण लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

पलीकडच्या गल्लीतल्या बिल्डिंगमध्ये गणिताचे क्लास घेणाऱ्या बाई आहेत. त्यांनी आमचीच गाडी घेतली, फक्त रंग पांढरा. बाई म्हणजे पक्क्या हिशेबी, पुराव्याशिवाय पाऊल टाकणार नाहीत. त्या आज संध्याकाळी आमच्याकडे आल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "काका, सर्व्हिस सेंटरवाले पातळ ऑइल सांगतात. तुम्ही या धंद्यातले. तुमचं काय मत?"

अण्णांना कोणी मत विचारून किती दिवस झाले असतील! त्यांनी मला हाक मारून बॉनेट उघडायला लावलं, आमची डिपस्टिक ओढून बाईंच्या नाकाशी धरली. "हे बघा. हीच गाडी, हाच टर्बो. माझ्या हाताने घातलंय. सूनबाईला विचारा, पिकअप कसा आहे."

बाईंनी मला विचारलं, "खरंच काही त्रास नाही?"

मी वाळत घातलेले कपडे काढत होते. हातात लेकीचा शर्ट होता.

"काहीच नाही," मी म्हटलं.

शब्दन् शब्द खरा होता. म्हणूनच आता बसवत नाही. बाई अण्णांबरोबर दुकानात गेल्या आणि येताना त्यांच्या गाडीत ते दाट ऑइल होतं.

१५ मार्च

थोडंसं दाट ऑइल घातलं म्हणून गाड्या मरत नाहीत. अण्णांच्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या चालल्याच ना.

त्यांना टर्बो नव्हता.

१८ मार्च

बाईंना एकटं गाठून सांगावं का? "अण्णांना कळू देऊ नका, पण ते ऑइल काढून टाका." त्या लगेच विचारणार, मग तुमच्या गाडीत काय आहे? आणि बाई पोटात ठेवणाऱ्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन विचारतील. अण्णा तोंडघशी पडतील ते माझ्यामुळे.

उद्या बघू.

६ एप्रिल

बाईंना बघितलं की मी रस्ता बदलते. आज भाजीच्या पिशव्या घेऊन मागच्या गल्लीने लांबचा वळसा घालून आले. या वयात, या गुडघ्यांनी!

अण्णांचं मजेत आहे. बाईंनी आणखी एका गिऱ्हाइकाला त्यांच्याकडे पाठवलं. जुनी स्कूटर होती, तिला दाटच लागतं, तेवढं एक बरं झालं. अण्णा आता शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून फिरतात. लेक म्हणते, आजोबा हिरो झाले. सकाळी चहाचं आधण उतरवायला चिमटा सापडेना तर त्यांनी तापलेलं भांडं सरळ हाताने उचलून ओट्यावर ठेवलं, चेहऱ्यावर सुरकुती नाही. मी ओरडले. "धंद्यातले हात आहेत हे," म्हणाले. मला कौतुकच वाटलं.

२५ एप्रिल

अण्णांबरोबर बँकेत गेले होते. परत येताना बघते तर त्यांच्या एका पायात चप्पल नाही. बँकेच्या पायरीवर सुटली होती आणि हे गाडीपर्यंत तसेच चालत आले होते. दोघं खूप हसलो. त्यांना पट्ट्याचे सँडल आणून दिले. रक्ततपासणीची तारीख यंदाही चुकवलीय, आठवण केली तर म्हणतात, "साखर काही मला ओळखत नाही असं नाही, जुनी ओळख आहे." यांच्याशी कोण बोलणार.

१९ मे

बाईंची गाडी पुलाच्या चढावर बसली.

नवऱ्याने सांगितलं. डॅशबोर्डवर दिवा लागला, शिट्टीसारखा आवाज आला आणि गाडीतली ताकदच गेली. मागून ट्रक, आणि मागच्या सीटवर त्यांची आई, डोळ्याचं ऑपरेशन झालेली, पट्टी बांधलेली. तिला काही दिसत नव्हतं, नुसते हॉर्न ऐकू येत होते आणि ती बाईंचं नाव घेऊन ओरडत होती. कोणीतरी ट्रकवाला उतरून हात दाखवत मागच्या गाड्या थांबवून उभा राहिला म्हणून निभावलं.

कोणाला लागलं नाही. हे मी स्वतःला सकाळपासून सांगतेय.

सर्व्हिस सेंटरने टर्बो खोललाय.

२२ मे

सर्व्हिस सेंटरने लेखी दिलं: चुकीच्या ग्रेडचं ऑइल. बाई तो कागद घेऊन आमच्या फाटकाशी आल्या. आवाज चढवला नाही. फळ्यासमोर उभं राहून बोलावं तशा बोलल्या. "काका, मी तुमच्या शब्दावर गेले."

अण्णांचा चेहरा उतरला. मग ताठ झाले. "ऑइलने हे होणं शक्य नाही. पेट्रोलमध्ये पाणी असेल. नाहीतर तुम्ही गाडी थंड असतानाच दामटली असेल. अहो, तेच ऑइल समोर उभ्या असलेल्या गाडीत आहे! महिनेच्या महिने चालतेय." आणि माझ्याकडे वळून, "सांग गं त्यांना."

रस्त्यावरून जाणारे दोघंतिघं थांबले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. अण्णांच्या नजरेत माझ्याबद्दल पुरता विश्वास होता. आणि मी काय बोलले?

"आमची तर व्यवस्थित चालतेय."

बाईंनी कागदाची घडी घातली. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझंच चुकलं," आणि गेल्या. त्यांच्या त्या वाक्यात टोमणा नव्हता. त्यांनी खरोखर मानलं. त्या बिचाऱ्या आता बसून आठवत असतील की आपण गाडी कधी दामटली, कुठलं पेट्रोल घातलं.

अण्णांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तो हात झटकून टाकावासा वाटला. असं त्यांच्याबद्दल मला याआधी कधी वाटलं नव्हतं.

२३ मे

दोन पेशंट परत पाठवले. हात नीट चालत नाहीत म्हटलं.

२९ मे

नवरा तापाने झोपलाय, म्हणून पेट्रोल भरायला मीच गेले. पंपावरच्या मुलीने गाडी ओळखली. "नेहमीचं ना ताई? साधं?"

मी म्हटलं, "साधं नाही हो. आम्ही ते दुसरं भरतो."

"नाही ताई. साहेब दर शनिवारी येतात. पहिल्यापासून साधंच भरतात. मीच तर असते."

घरी येऊन मी त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढलं. ताप वगैरे बघितला नाही. "एवढे महिने! मी रोज सांगत होते, गाडी कशी चालते, लोण्यासारखी चालते, आणि तू ऐकून घेत होतास! मनात हसत असशील. मूर्ख बाई म्हणत असशील."

"नाही गं," तो उठून बसला. "हसलो एकदाच, तेव्हा ठसका लागला."

"मग सांगायचं ना मला तोंडावर!"

"तू इतकी खूश होतीस. मला वाटलं, गाडीचं नुकसान नाही, तुझं समाधान आहे, कशाला मोडा?"

हेच. अगदी हेच मी तीन फेब्रुवारीला इथे लिहिलंय. मी पलंगाच्या कडेवर बसले. त्याला वाटलं मला चक्कर आली.

राग पेट्रोलचा नव्हता. मी जे जे अनुभवलं, चढावरची उचल, ते लोण्यासारखं चालणं, ते सगळं आठवून मला आता स्वतःचाच भरवसा वाटेना. कोणी आपल्याला प्रेमाने खोट्यात ठेवलं की आपलं खरं काय ते आपल्यालाच कळेनासं होतं. आणि अण्णा तर त्या खोट्याच्या जोरावर भर रस्त्यात एका बाईला खोटं पाडून आले.

नवऱ्याला सगळं सांगितलं, ऑइल काढलं तिथपासून. त्याने पांघरूण बाजूला केलं. मग म्हणाला, "मी येऊ का तुझ्याबरोबर दुकानात?"

"नको," मी म्हटलं. "तुला ताप आहे."

३० मे

सांगितलं.

अण्णा दुकानात डबे पुसत होते. बसा म्हटलं तर बसले नाहीत. मी उभ्या उभ्याच सांगितलं, मध्ये थांबले असते तर पुढे बोलवलं नसतं. ज्या दिवशी तुम्ही घातलंत त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी काढून आले. आपल्या गाडीत तुमचं ऑइल फक्त एक रात्र होतं. बाई विचारायला आल्या तेव्हाही नव्हतं. त्या दिवशी फाटकातही मी खोटं बोलले.

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे मी डिपस्टिक काढली, तेव्हा तिच्यावर...?"

"पातळ होतं. पुस्तकातलं."

"पाण्यासारखं."

"हो."

ते माझ्याकडे बघतच नव्हते. हातातलं फडकं खाली ठेवून स्वतःच्या बोटांकडे बघत होते. अंगठा पहिल्या बोटावर हळूहळू घासत होते, कोरडाच.

"मग मला कळायला पाहिजे होतं," म्हणाले.

मी म्हटलं, "अण्णा, चूक माझी आहे. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात." त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. दुकानाचं शटर ओढायला गेले, कडी हाताला लागेना, मी लावून दिली. "बाईंकडे चल."

बाईंच्या दारात अण्णा म्हणाले, "चुकीचं ऑइल मी सांगितलं. गाडीचं सगळं मी बघतो. त्या दिवशी बोललो त्याची माफी मागतो." एवढंच. माझं नाव घेतलं नाही. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं, मला वाचवायलाच ते तेवढ्यावर थांबले असं मला वाटलं. मग मीच सांगितलं, सगळं, आतल्या मुलांच्या पाढ्यांच्या आवाजात.

बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. "म्हणजे मी तुम्हाला विचारलं, त्रास नाही ना, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"माझी आई अजून गाडीत बसत नाही," त्या म्हणाल्या. दार आपटलं नाही, हळूच लावलं.

परत येताना अण्णा गाडीत बसले नाहीत. चालत येतो म्हणाले. मी गाडी त्यांच्या मागे मागे, सायकलच्या वेगाने आणली. त्यांनी एकदाही मागे बघितलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

३१ मे

अण्णा जेवायला आले नाहीत. भूक नाही म्हणाले. त्यांचं ताट झाकून ठेवलं.

माझ्यावर रागावलेत. रागवू देत.

१ जून

हे आता, क्लिनिकमध्ये, दोन पेशंटच्या मधे लिहितेय.

सकाळी एक आजी आल्या, साखरेने हातपाय बधिर होत चाललेल्या. नेहमीप्रमाणे विचारलं: हातापायांना मुंग्या येतात? चप्पल सुटलेली कळते? बटणं लावायला त्रास होतो? गरम भांडं हाताला लागतं का?

आणि चौथ्या प्रश्नाला मी थांबले. आजी माझ्याकडे बघत राहिल्या.

चप्पल. बटणं. आधणाचं भांडं. ऑइलचं झाकण. शटरची कडी. सगळं माझ्याच हाताने याच वहीत लिहिलंय, गंमत म्हणून. "मग मला कळायला पाहिजे होतं," अण्णा म्हणाले आणि मला वाटलं ते माझ्या खोटेपणाबद्दल बोलतायत.

डोळे बांधून पाच वाट्या ओळखणारा माणूस. नऊ फेब्रुवारीला त्यांना बोटांत पाणी आणि साय यांतला फरक कळला नाही, आणि मी समोर उभी होते. हे माझं काम आहे. याचंच मी शिक्षण घेतलंय. त्या दिवशीच मला शंका यायला हवी होती. मला काय वाटलं? सुटले!

गाडी एका दिवसात दुरुस्त करून आणली. त्यांचे चार महिने गेले.

३ जून

अण्णा क्लिनिकमध्ये यायला तयार नव्हते. लेकीने आणलं. पेशंटच्या खुर्चीत बसले तेव्हा एकदम लहान दिसले. रक्त तपासायला दिलंय, डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय. आधी मला स्वतः बघायचं होतं.

"कधीपासून अण्णा?"

"दिवाळखोर दुकानदाराला गिऱ्हाईक कधीपासून येत नाही असं विचारतात का?" जरा वेळाने म्हणाले, "थंडीच्या आधीपासून. आधी पाय. मग बोटं. हातमोजा घातल्यासारखं. कोणी ग्रेड सांगितला की तो बोटांना लागायचा. नाही सांगितला की नाही लागायचा."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू किती विश्वासाने माझ्याकडून ऑइल घालून घेतलंस," म्हणाले. "या गावात तू एकटीच."

मी कापसाचा बोळा घेतला. त्यांना डोळे मिटायला सांगितले. "मी कापूस टेकवीन. लागला की 'हो' म्हणायचं."

तळव्याच्या मध्यावर टेकवला. "हो." मनगटावर. "हो." अंगठ्याच्या टोकावर टेकवला. काही नाही. पहिल्या बोटाच्या टोकावर. काही नाही. मी जरा जोरात टेकवला. अण्णांची भुवई हलली, ते वाट बघत होते, कान देऊन.

मी हात मागे घेतला आणि नुसती बसले. माझे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसत नव्हते. पण श्वास त्यांना ऐकू गेला असावा.

"हो," अण्णा म्हणाले. "आता लागला. लागतोय की छान."

कापूस माझ्या मांडीवर होता.

त्यांचा चेहरा मी नीट बघितला. डिपस्टिक उजेडाकडे धरून मला "सायीसारखं" म्हणताना होता तसाच, मला खूश करायला निघालेला. "हो अण्णा, छान" म्हणणं किती सोपं होतं. ते शब्द ओठांवर आलेही होते.

"अण्णा," मी म्हटलं, "मी कापूस टेकवलेलाच नाही."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात तसाच माझ्यासमोर, उताणा.

"बरं," म्हणाले. "मग पुन्हा कर. आता खरं सांगतो."